रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत एकाच मूल्याचा इटरेटर (मूल्यं एकामागून एक देणारी सोय)
यादीच्या आधी किंवा शेवटी एकच मूल्य जोडायचंय? त्यासाठी नवा व्हेक्टर (लांबी वाढू शकणारी यादी) बनवू नका, एका मूल्यापायी हीप मेमरी (प्रोग्राम चालताना मागून घेतलेली मेमरी) कशाला अडकवायची! स्टँडर्ड लायब्ररीतलं ‘वन्स’ वापरा. ते मूल्य एकदा देतं आणि संपतं. ‘चेन’ने ते यादीच्या इटरेटरला जोडा. फक्त दोन्हीकडचा टाइप एकच हवा: यादीवर ‘इटर’ चालवलं तर रेफरन्स (मूल्याऐवजी त्याच्याकडे बोट दाखवणारा पत्ता) मिळतात, मग ‘वन्स’लाही रेफरन्सच द्या. नवशिके इथेच अडतात. मूल्य काढणं खर्चिक असेल तर आवृत्ती १.४३ पासूनचं ‘वन्स_विथ’ बरं, त्यातलं क्लोजर (छोटं निनावी फंक्शन) मागणी आल्यावरच चालतं.

मूल्य असेल की नाही हेच ठाऊक नसेल, तर ‘ऑप्शन’ (मूल्य असू किंवा नसू शकतं असा टाइप) थेट ‘चेन’ला द्या. ‘नन’, म्हणजे मूल्य नाही, असं असलं तर काहीच जोडलं जात नाही, वेगळा ‘इफ’ लागत नाही. मला हीच सोय सर्वांत आवडते.