304 स्टेनलेसमध्ये एम6 टॅप का तुटत होते

भोसरीच्या शॉपमध्ये 304 स्टेनलेसच्या ब्लॉकमध्ये एम6चे टॅप (भोकात 6 मिमी स्क्रूसाठी आटे पाडणारं हत्यार) सारखे तुटत होते. टॅपचा मेक बदलला, तेल बदललं, फरक शून्य. मटेरियलचं सर्टिफिकेटही बरोबर होतं.

शेवटी एक भोक उभं कापून पॉलिश केलं आणि विकर्स मायक्रोहार्डनेस (हिऱ्याचं टोक दाबून उठलेल्या ठशावरून मोजलेला कडकपणा) घेतला. भार फक्त 25 ग्रॅम, कारण ठसा छोटा असेल तरच कडेच्या जवळ मोजता येतं. (पॉलिश शेवटी डायमंड पेस्टने हलक्या हाताने करा, नाहीतर पॉलिशिंगमुळेच पृष्ठभाग कडक होतो.) आतला धातू 180च्या आसपास, पण भोकाच्या कडेपासून 0.03 मिमीवर 350! 0.15 मिमी आत गेल्यावर पुन्हा मूळ आकडा.

म्हणजे टॅप निर्दोष होता, भोकाची भिंतच ड्रिलने कडक केली होती. 304 दाबला, घासला की कडक होतो. बोथट ड्रिल, 0.03 मिमी फीड (दर फेरीला ड्रिल आत सरकतं ते अंतर) आणि पेकिंगमध्ये (थोडं थोडं ड्रिल करून मागे घेताना) तळाशी थांबणं, यामुळे ड्रिल कापण्याऐवजी घासत होतं.

ताजी धार लावली, फीड 0.09 केला, थांबा काढला. पुन्हा मोजलं तर कडेला 230. टॅप तुटणं थांबलं.