काळी माती, मेचं ऊन आणि मॉडेलचा आकडा: या चुका टाळा

जुन्या नोंदींवरून शिकून काँक्रीटची ताकद सांगणारं मशीन लर्निंग मॉडेल आता डिप्लोमाची पोरंही बनवतात, आणि ते मला मनापासून आवडतं. काळजी वाटते ती तो आकडा घेऊन कोणी थेट साइटवर जातं तेव्हा.

यातली पुष्कळ मॉडेलं संशोधक आय-चेंग ये यांनी जमवलेल्या डेटावर शिकलेली असतात. १०३० नमुने, आठ रकाने: सिमेंट, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी), फ्लाय ॲश (कोळशाची राख), पाणी, सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यात काँक्रीट पातळ ठेवणारं रसायन), गिट्टी, रेती आणि काँक्रीटचं वय. उन्हाचा रकाना नाही. पाणी किती दिवस मारलं, याचाही नाही. मे महिन्यात विदर्भात वणीकडे ४५ अंशांत टाकलेल्या स्लॅबवर चारच दिवस पाणी मारलं, तरी मॉडेल तोच आकडा देणार. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ अशा कोरड्या उन्हात किमान १० दिवस पाणी मागतं; पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १४ धरा. शिवाय रेतीतला ओलावा आणि मिस्त्रीनं पाइपनं वाढवलेलं पाणी तुमच्या नोंदीत नसतंच. म्हणून दाबून ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे १५० मिमीचे क्यूब (ठोकळे) भराच, आणि त्यातले काही स्लॅबशेजारी ठेवा, स्लॅबला मिळेल तेवढ्याच पाण्यावर.

चाचणीत मॉडेलचे गुण ९५ टक्क्यांवर गेले तरी हुरळू नका. या डेटात एकच मिश्रण ३, ७, २८ दिवसांचं म्हणून वेगवेगळ्या ओळींत येतं. शिकवायच्या आणि परीक्षेच्या ओळी सरमिसळ करून वाटल्या की पाठ झालेलाच प्रश्न परीक्षेत येतो. मिश्रणागणिक गट करून वाटा, म्हणजे एका मिश्रणाच्या सगळ्या ओळी एकाच बाजूला राहतील.

पायाच्या बाबतीत चूक जास्त महागात पडते. एप्रिलमध्ये काळी माती कुदळीला दगडासारखी लागते, माती किती भार पेलेल हे सांगणाऱ्या मॉडेलला तेवढंच दिसतं. पावसाळ्यात तीच फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंतीला तिरपा तडा जातो. मुरमाच्या भागातल्या बोअरच्या (माती तपासायला घेतलेल्या भोकांच्या) नोंदींवर शिकलेलं रँडम फॉरेस्ट जातीचं मॉडेल न पाहिलेल्या मातीलाही ओळखीच्याच मर्यादेतलं उत्तर देतं. आधी फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे माती पाण्यात किती फुगते याचा आकडा, काढा (आयएस २७२० भाग ४०). माती जास्त फुगणारी निघाली तर अंडररीम पाइलचा (खाली फुगीर केलेल्या खोल खांबांच्या पायाचा) विचार करा.

घराचा आराखडा काढणाऱ्या मॉडेलांनी फ्लॅट पाहिलेत, खेड्यातलं सपरीचं घर नाही. धान्याची पोती ठेवायची वरची खोली ती बेडरूम समजतात आणि चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरतात. सोयाबीनच्या पोत्यांची छातीएवढी थप्पी त्याच्या तिपटीहून जास्त भरते. भाराचा रकाना भरण्याआधी घरच्या बाईला विचारा, पोती कुठं ठेवणार.