मिक्सरचं मोनो आउटपुट कसं वापरावं

मिक्सरच्या मागे लेफ्ट-राइटच्या शेजारी ‘मोनो’ (म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेने) लिहिलेलं एक आउटपुट असतं. बऱ्याच कार्यक्रमांत त्यात फक्त धूळ जाते. रुंद हॉलमध्ये कडेला बसलेल्या माणसाला मुळात एकाच बाजूचा स्पीकर ऐकू येतो. गिटार पलीकडे पॅन केलीत, म्हणजे तिचा आवाज दुसऱ्याच बाजूला वळवलात, तर त्याच्यापुरती ती वाजलीच नाही. पुढच्या रांगेसाठीचे छोटे स्पीकर, लांबचे डिले स्पीकर (मागच्या लोकांसाठी, थोड्या उशिराने वाजणारे), सब (खालच्या सुरांचा स्पीकर), कॅमेरा, या सगळ्यांना मोनो लागतो.

आधी आपल्या मिक्सरवरचा मोनो कुठल्या जातीचा आहे ते बघा. काही ठिकाणी तो लेफ्ट आणि राइटची सरळ बेरीज असतो. काही ठिकाणी ती वेगळी बस, म्हणजे आवाज गोळा करणारी स्वतंत्र वाट असते आणि प्रत्येक चॅनेलवर तिचं बटण दाबावं लागतं, नाहीतर तिथून काहीच येत नाही. एका चॅनेलवर गाणं लावा आणि मेन फेडर (मुख्य आवाजाची सरकपट्टी) पूर्ण खाली घ्या. मोनोही गप्प झाला, तर तो मेनच्या मागे चालतोय. वाजतच राहिला, तर बेरीज फेडरच्या आधीची आहे किंवा बस वेगळी आहे. आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा आला तर घाबरू नका. काही मिक्सरवर मोनोजवळ सबसाठी लो-पासचं (फक्त खालचे सूर जाऊ देणारं) बटण असतं, ते दाबलेलं असणार.

मोनोचं आउटपुटच नसेल, तरी लेफ्ट आणि राइट वाय-केबलने एकत्र जोडू नका. दोन आउटपुट एकमेकांवर जोर लावतात आणि आवाज फाटतो. उलट, एका आउटपुटमधून दोन स्पीकरना वायर फोडायला हरकत नाही.

आता लेव्हल. दोन्ही बाजूंना सारखाच असलेला आवाज बेरजेत 6 डीबी वाढतो, एकमेकांशी संबंध नसलेले आवाज साधारण 3 डीबी. म्हणजे मधोमध ठेवलेला गायक पुढे येतो आणि कडेला पॅन केलेली वाद्यं मागे सरकतात. म्हणून मोनोचा नॉब पूर्ण बंद ठेवून तिथून हळूहळू वर आणा, आणि कडेचं पॅनिंग थोडं आत ओढा. कॅमेऱ्याला वायर देताना त्याचं इनपुट माइकवर आहे की लाइनवर, ते विचारून घ्या. माइकवरच ठेवायचं असेल तर मधे 40 डीबीच्या आसपासचा पॅड (आवाजाची पातळी उतरवणारा जोड) हवा.

खरी मेख फेजमध्ये आहे, म्हणजे दोन बाजूंच्या लहरी एकमेकींशी जुळतात की उलट्या पडतात त्यात. एका कार्यक्रमात माझ्याकडून पियानो हॉलभर छान वाजला, पण रेकॉर्डिंगमध्ये नुसती खालच्या सुरांची धडधड उरली. कीबोर्डचा रुंद स्टिरिओ टोन होता. बेरीज करताना दोन बाजूंनी एकमेकींना खाल्लं. अशा वेळी मिक्सरवर राइटचं चॅनेल बंद करून फक्त लेफ्ट मधोमध वापरा. राइटची वायर उपटून भागत नाही, कारण बरेच कीबोर्ड मग आतल्या आत तीच बेरीज करतात. दुसरा नेहमीचा घोळ लॅपटॉपचा. त्याची स्टिरिओ मिनी-जॅक वायर थेट एका बॅलन्स्ड इनपुटमध्ये (दोन तारांवरच्या सिग्नलमधला फरक घेणाऱ्या) खुपसली की मिक्सर दोन बाजूंची वजाबाकी करतो. संगीत ऐकू येतं, गायक गायब! लेफ्ट-राइटपैकी एकाच XLR वायरमध्ये (तीन पिनांची, माइकसारखी) पिन 2 आणि 3 उलट्या जोडल्या गेल्या, तरी बेरजेत हाच प्रकार होतो. साउंडचेकला मोनोच्या आउटपुटवर एक छोटा स्पीकर लावून प्रत्येक वाद्य एकेकटं ऐका. पाच मिनिटांचं काम आहे.

मागच्या स्पीकरना उशीर लावताना हिशोब सोपा आहे. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळपास 3 मिलिसेकंद. स्टेजच्या स्पीकरपासून 20 मीटरवर 58 होतात. त्यात आणखी दहाएक घातले की कानाला आवाज स्टेजवरूनच येतोय असं वाटतं.

मध्यंतरात मेन फेडर खाली ओढायची सवय असेल, तर मेनच्या मागे चालणाऱ्या मोनोवर कॅमेरा ठेवू नका, त्याला प्री-फेडर ऑक्स (फेडरच्या आधीच आवाज घेणारं वेगळं आउटपुट) द्या. नाहीतर पडदा उघडल्यावर फेडर वर न्यायला दोन सेकंद उशीर झाला, की रेकॉर्डिंगमधलं पहिलं वाक्य गेलंच.