कोल्हापुरात दोन आलिशान विजेच्या मोटारींची तुलना कशी करावी

दीड-दोन कोटी रुपयांची विजेवर चालणारी मोटार घेण्याचे ठरले की खरेदीदाराच्या हाती दोन माहितीपत्रके येतात आणि त्यांतले आकडे शेजारी शेजारी मांडले की निर्णय होईल असे वाटते. तो होत नाही, कारण ते आकडे एकाच मापाने मोजलेले नसतात. येथे मर्सिडीज-बेंझ ईक्यूएस ५८० आणि बीएमडब्ल्यू आय७ एक्सड्राइव्ह६० या दोन मोटारी उदाहरणादाखल घेतल्या आहेत; रीत मात्र कोणत्याही दोन गाड्यांना लागू पडते.

आधी किमतीविषयी. ईक्यूएस ५८० सप्टेंबर २०२२ मध्ये १.५५ कोटी रुपयांना बाजारात आली, तेव्हा ती चाकणच्या कारखान्यात जुळवली जात होती. आय७ जानेवारी २०२३ मध्ये १.९५ कोटींना आली आणि ती संपूर्ण तयार स्थितीत आयात होत होती. या फरकात आयातशुल्काचा वाटा मोठा असल्याने महाग गाडी तेवढ्याच प्रमाणात सरस आहे असे समजू नये.

सर्वांत जास्त दिशाभूल होते ती एका चार्जमध्ये कापल्या जाणाऱ्या अंतराबाबत. ईक्यूएससाठी सांगितला जाणारा ८५७ किलोमीटरचा आकडा पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या प्रमाणित चाचणीतला आहे, तर आय७ साठी सांगितला जाणारा ६२५ किलोमीटरचा आकडा डब्ल्यूएलटीपी या युरोपीय पद्धतीचा आहे, जी भारतीय चाचणीपेक्षा कडक असते. कागदावर हा फरक २३२ किलोमीटरचा दिसतो. आता बॅटरीकडे पाहावे: ईक्यूएसची वापरता येणारी क्षमता १०७.८ युनिट, आय७ ची १०१.७ युनिट. महामार्गावर दोन्ही गाड्या १०० किलोमीटरला २२ युनिट खातात असे हिशेबापुरते धरले आणि बॅटरी ९० टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंतच वापरली, तर पहिली सुमारे ३९० आणि दुसरी सुमारे ३७० किलोमीटर जाईल. म्हणजे फरक उरला वीसेक किलोमीटरचा. कोल्हापूर ते पुणे हे अंतर साधारण २३० किलोमीटर आहे. दोन्ही गाड्या तेथे निर्धास्त पोहोचतील आणि चार्ज न करता परत येणे दोघींनाही जमणार नाही.

म्हणून १०० किलोमीटरला किती युनिट लागतात, हा आकडा स्वतः काढावा. विक्रेता शोरूमभोवती चार-पाच किलोमीटरची फेरी देतो, तिच्यातून काहीच कळत नाही. एवढी रक्कम मोजणाऱ्या ग्राहकाने महामार्गावर कराडपर्यंत जाऊन परत येण्याची चाचणी मागावी, आणि ती मागताना संकोच करू नये. दोन्ही गाड्यांत तेवढीच माणसे बसवावीत, एसी एकाच तापमानावर ठेवावा, टायरमधील हवा तपासून घ्यावी, वेग शक्यतो सारखा राखावा आणि निघताना ट्रिपमीटर शून्यावर आणावा. जाण्यायेण्याचा मार्ग तोच असल्यामुळे चढउतार आणि वारा यांचा परिणाम बराचसा वजा होतो. येणारा आकडा माहितीपत्रकातल्यापेक्षा वेगळा असेल, पण तो आपल्या रस्त्याचा असेल.

कोकणात वरचेवर जाणाऱ्यांच्या मनात घाटाची धास्ती असते, ती थोड्याशा गणिताने कमी होते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. माणसे आणि सामान धरून तीन टन भरणारी गाडी समुद्रकिनाऱ्यावरून एवढी उंची चढते तेव्हा केवळ चढण्यासाठी साडेचार युनिट ऊर्जा लागते, मोटरमधील आणि इतर तूट धरून पाचेक. म्हणजे करूळचा किंवा आंब्याचा घाट चढून येताना सपाटीच्या हिशेबात वीस-पंचवीस किलोमीटरची घट धरावी. उतरताना मोटर जनित्रासारखी चालून गाडीचा वेग रोखते आणि यातला काही भाग बॅटरीत परत येतो. दोन्ही गाड्यांत हा रोध किती तीव्र ठेवता येतो आणि मागे बसलेल्याला त्याचे हिसके बसतात का, हे मात्र घाटातच पाहावे.

चार्जिंगच्या वेगाबाबतही असेच आहे. ईक्यूएस २०० किलोवॉटपर्यंत आणि आय७ १९५ किलोवॉटपर्यंत वीज घेऊ शकते; पण वाटेवरचा चार्जर ६० किलोवॉटचा असेल, तर १० ते ८० टक्के भरण्यास दोघींनाही सव्वा तासाच्या आसपास लागेल. त्यामुळे आपल्या नेहमीच्या मार्गावरील चार्जर किती क्षमतेचे आहेत, दोन गाड्या एकदम लागल्या की क्षमता विभागली जाते का आणि रात्री ते चालू असतात का, याची स्वतः खातरजमा करावी. गाडीची निवड यावर ठरत नसली, तरी रोजचे समाधान यावर ठरते.

घरच्या चार्जिंगसाठी ११ किलोवॉटचा चार्जर बसवावा. त्याला थ्री फेज जोडणी लागते आणि २० टक्क्यांवरून पूर्ण भरण्यास सुमारे आठ तास, म्हणजे एक रात्र, पुरते. महावितरणकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज गाडी बुक करण्यापूर्वीच करावा आणि अर्थिंग जाणकार वायरमनकडून तपासून घ्यावे. अपार्टमेंटमध्ये राहत असल्यास सोसायटीची लेखी संमती आधी मिळवावी.

गाडीचा मालक बहुधा मागे बसतो, म्हणून चाचणीतला निम्मा वेळ मागच्या सीटवर काढावा. ईक्यूएसचे छत मागे उतरत जाते, आय७ अधिक उभी आहे. घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः फेटा बांधणाऱ्यांना, दोन्हींत चढउतार करायला लावून त्यांचे मत घ्यावे. आय७ मध्ये मागे ३१.३ इंचांचा पडदा मिळतो, पण मला डिकीचा फरक जास्त महत्त्वाचा वाटतो: ईक्यूएसमध्ये ६१० लिटर, आय७ मध्ये ५०० लिटर. आय७ सुमारे ५.४ मीटर लांब आहे, ईक्यूएस ५.२ मीटर, राजारामपुरीच्या गल्लीतून आपल्या फाटकात वळवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. दोन्हींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर, ३.२ मीटरच्या वर आहे, त्यामुळे गावाकडच्या उंच गतिरोधकांवर पोट घासते का, हे पूर्ण प्रवासी बसवून आणि एअर सस्पेन्शन वर उचलून तपासावे. पोटाखाली बॅटरी आहे, हे विसरू नये.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता आणि पंचगंगेचे पाणी शहरातील वस्त्यांत शिरले होते. म्हणून विमा घेताना पाण्याने बॅटरीचे नुकसान झाल्यास ते पॉलिसीत येते का, हे तोंडी न विचारता लेखी मागावे. बॅटरीच्या वॉरंटीतही वर्षे, किलोमीटर आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बदलून मिळते, या तिन्ही अटी दोन्ही कंपन्यांकडून घेऊन एकाच कागदावर उतरवाव्यात. उच्च दाबाच्या बॅटरीवर काम करणारे प्रशिक्षित कारागीर कोणत्या शहरातील वर्कशॉपमध्ये आहेत, गाडी बंद पडल्यास ती ओढून न नेता सपाट ट्रकवर चढवून तेथवर कोण नेणार आणि त्याचा खर्च कोणाचा, याचे उत्तर जी कंपनी लेटरहेडवर देईल तिच्याकडेच बुकिंगची रक्कम भरावी.