मुलांच्या मानेवरील जन्मजात गाठ कशी ओळखावी

मुलाच्या मानेवर गाठ दिसली की लसिकाग्रंथी सुजली असेल असे वाटते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु गाठ कित्येक आठवडे तशीच राहिली, किंवा सर्दी झाली की त्याच जागी पुन्हा सुजू लागली, तर जन्मजात सिस्टचा (द्रव भरलेल्या पिशवीसारख्या गाठीचा) विचार करावा. असा दोष जन्मापासून असला तरी संसर्ग होऊन सूज येईपर्यंत तो कित्येक वर्षे लक्षात येत नाही.

तपासणीत सर्वाधिक महत्त्व गाठीच्या जागेला द्यावे. गाठ मानेच्या मध्यरेषेवर, हायॉइड हाडाजवळ (हनुवटीखाली, स्वरयंत्राच्या वर असलेल्या छोट्या हाडाजवळ) असेल, तर तिच्यावर बोट ठेवून मुलाला आधी घोट गिळायला आणि मग जीभ पूर्ण बाहेर काढायला सांगावे. (लहान मुले सांगून ऐकत नाहीत; आपण जीभ काढून दाखवली तर नक्कल करण्याची शक्यता अधिक.) दोन्ही वेळा वर सरकणारी गाठ बहुधा थायरोग्लॉसल सिस्ट असते, कारण गर्भावस्थेत थायरॉइड ग्रंथी जिभेच्या मुळापासून खाली उतरते आणि त्या वाटेचा उरलेला भाग हायॉइडशी जोडलेला राहतो. मध्यरेषेवर असूनही जिभेबरोबर न हलणारी गाठ डर्मॉइड (त्वचेच्या पेशींपासून बनलेली सिस्ट) असू शकते.

मानेच्या बाजूला, स्टर्नोमॅस्टॉइड स्नायूच्या (कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे उतरणाऱ्या स्नायूच्या) पुढच्या कडेला असलेली गाठ ब्रँकियल सिस्टकडे, म्हणजे गर्भावस्थेत मान घडताना उरलेल्या भागापासून बनलेल्या सिस्टकडे बोट दाखवते. त्याच कडेने खालपर्यंत त्वचा नीट पाहावी, कारण तेथील सुईच्या टोकाएवढे, चिकट स्राव येणारे छिद्र सहज नजरेतून सुटते. स्नायूच्या मागची मऊ, टॉर्चचा प्रकाश आरपार जाऊ देणारी गाठ बहुधा सिस्टिक हायग्रोमा (लसिकावाहिन्यांची जन्मजात गाठ) असते व ती सहसा वयाच्या 2 वर्षांच्या आत दिसते.

पहिली चाचणी सोनोग्राफीच असावी. मध्यरेषेवरील गाठीच्या बाबतीत थायरॉइड ग्रंथी आपल्या जागी आहे का, हे अहवालात स्पष्ट नोंदवून घ्यावे; क्वचित ती गाठ हीच मुलाची एकमेव थायरॉइड असते आणि ती काढली तर आयुष्यभर औषध घ्यावे लागते. गाठ खोलवर पसरलेली असेल तर एमआरआय लागतो.

संसर्ग झालेली सिस्ट घाईने चिरू नये. आधी प्रतिजैविके द्यावीत, पू साठलाच तर शक्यतो सुईने काढावा, कारण चिरल्याने पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. श्वासाला आवाज येणे किंवा गिळता न येणे, तसेच कडक, न हलणारी किंवा गळपट्टीच्या हाडावरची गाठ दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास मुलाला त्याच दिवशी तज्ज्ञांना दाखवावे.