पिस्तुलाच्या काडतुसासाठी पावडर कशी निवडावी आणि तिचे वजन कसे ठरवावे

अमेरिकेतील नेमबाजांमध्ये वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून स्वतःची काडतुसे तयार करण्याचा छंद रुजलेला आहे. स्वतःच्या वापरासाठी असे करण्यास तेथील केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागत नाही; विक्रीसाठी मात्र तो लागतो. भारतात परिस्थिती निराळी आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे, म्हणून पुढील विवेचन जेथे हा छंद कायदेशीर आहे तेथील वाचकांसाठी आहे असे समजावे. उदाहरणादाखल येथे 9 मिलिमीटर लुगर हे सर्वाधिक प्रचलित काडतूस घेतले आहे.

प्रथम वजनाचा अंदाज यावा. गोळीला पुढे ढकलणारी दारू, म्हणजेच पावडर, ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात 7000 ग्रेन असतात. आपल्या जुन्या मापात सांगायचे तर एक तोळा म्हणजे 180 ग्रेन आणि एक गुंज म्हणजे सुमारे 1.9 ग्रेन. 9 मिलिमीटरच्या काडतुसात साधारणपणे चार ते सहा ग्रेन, म्हणजे दोन-तीन गुंजा पावडर लागते. एवढ्याशा मापात अर्ध्या ग्रेनची चूक दहा टक्क्यांच्या आसपास जाते आणि दाब तर वजनापेक्षा अधिक वेगाने चढतो. सोनाराच्या दुकानात गुंजभर सोन्यासाठी जी काटेकोरी बाळगली जाते, तीच येथे हवी.

पहिली पायरी हेतू ठरवण्याची आहे. कागदी लक्ष्यावर सराव करायचा आहे की स्पर्धेत उतरायचे आहे? अमेरिकेतील प्रॅक्टिकल शूटिंगच्या स्पर्धांत गोळीचे ग्रेनमधील वजन आणि तिचा फूट प्रति सेकंद वेग यांचा गुणाकार करून त्याला 1000 ने भागतात. या आकड्याला पॉवर फॅक्टर म्हणतात, आणि ‘मायनर’ गटासाठी तो किमान 125 असावा लागतो. 124 ग्रेनची गोळी 1050 फूट वेगाने गेली, तर हा आकडा 130 येतो. थंडीतील किंवा दुसऱ्या क्रोनोग्राफवरील (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरील) घट झेलण्याइतकी जागा त्यात राहते. याहून अधिक वेगाची हाव सरावासाठी निरर्थक आहे. त्यातून धक्का वाढतो आणि पुंगळ्या लवकर निकामी होतात.

दुसरी पायरी पावडर निवडण्याची. धूरविरहित पावडरी जळण्याच्या वेगानुसार ओळीने मांडलेले तक्ते मिळतात. बुल्सआय आणि टाइटग्रुप या वेगाने जळणाऱ्या, युनिक मध्यम, एचएस-6 त्याहून संथ. वेगवान पावडर थोडी लागते, म्हणून स्वस्त पडते आणि हलक्या भारालाही नीट जळते. संथ पावडर जास्त लागते, परंतु दाबाच्या मर्यादेत राहून अधिक वेग देते. हा तक्ता केवळ क्रम सांगतो. दोन पावडरी त्यात शेजारी आहेत म्हणून एकीचे वजन दुसरीला लावणे हा या छंदातील सर्वांत घातक तर्क आहे.

नवख्याने मात्र जळण्याच्या वेगाआधी पावडरीचे आकारमान पाहावे, असे माझे ठाम मत आहे. टाइटग्रुपसारखी दाट पावडर पुंगळीच्या तळाशी थोडीशी जागा व्यापते. चुकून दोनदा भरली गेली, तरी ती बाहेर सांडत नाही आणि निष्काळजी नजरेला दिसतही नाही. .38 स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात हा धोका अधिकच, कारण त्याची लांब पुंगळी काळ्या दारूच्या जमान्यातील मोजमापाची आहे आणि आधुनिक पावडर तिच्या पोटात हरवून जाते. याउलट युनिकसारखी फुगीर, पापुद्र्यांची पावडर 9 मिलिमीटरमध्ये दुप्पट पडली, तर पुंगळी काठोकाठ भरते आणि चूक स्वतःच ओरडून सांगते. तिचा एक दोष मान्य करावा लागेल: मापकातून (पावडर मोजून पुंगळीत टाकणाऱ्या उपकरणातून) ती एकसारखी पडत नाही, म्हणून वजन वारंवार तपासावे लागते. पण ही कटकट पत्करण्याजोगी आहे.

तिसरी पायरी वजनाची. येथे वाचक आकड्याची अपेक्षा करील, आणि तो आकडा मी मुद्दाम देत नाही. वजन आपण निवडायचे नसते. ते पावडर उत्पादकाच्या चालू आवृत्तीतील तक्त्यातून घ्यायचे असते. होजडन, अलायंट यांसारखे उत्पादक हे तक्ते विनामूल्य उपलब्ध करून देतात. तक्त्यात काडतूस, गोळीचे वजन, तिचा प्रकार (शिशाची, मुलामा दिलेली की तांब्याच्या आवरणाची) आणि काडतुसाची एकूण लांबी या चारही गोष्टी आपल्याशी जुळल्या पाहिजेत. लांबीकडे नवखे दुर्लक्ष करतात. 9 मिलिमीटरची कमाल लांबी 1.169 इंच असते. गोळी तक्त्यापेक्षा खोल बसली, तर पावडरीसाठी उरलेली जागा घटते आणि तेच वजन कितीतरी अधिक दाब निर्माण करते.

तक्त्यात प्रारंभीचे आणि कमाल अशी दोन वजने असतात. प्रारंभीच्या वजनापासून सुरुवात करून दर टप्प्याला 0.1 किंवा 0.2 ग्रेन वाढवत प्रत्येकी दहा काडतुसे भरावीत, ती वेगळ्या डब्यांत ठेवावीत आणि मैदानावर क्रोनोग्राफसमोर क्रमाने झाडावीत. अपेक्षित वेग मिळाला, पिस्तूल अडखळले नाही आणि नेम समाधानकारक बसला की तेथेच थांबावे; कमाल आकडा गाठणे हे ध्येय नव्हे. प्रारंभीच्या वजनाखाली जाणेही तितकेच वाईट, कारण अपुऱ्या दाबाने गोळी नळीत अडकू शकते. आवाज किंवा धक्का विचित्र क्षीण वाटला, तर लगेच थांबून, पिस्तूल रिकामे करून, नळी आरपार मोकळी आहे का हे पाहावे. तसे न पाहता झाडलेली पुढची गोळी नळी फोडू शकते.

चपट्या झालेल्या प्रायमरवरून (पुंगळीच्या बुडाशी बसवलेल्या, पावडर पेटवणाऱ्या टोपीवरून) दाब ओळखता येतो, हा समज पिस्तुलांच्या बाबतीत फसवा आहे. 9 मिलिमीटरची प्रमाणित दाबमर्यादा 35,000 पौंड प्रति चौरस इंच, तर .45 एसीपीची 21,000 आहे. .45 एसीपीच्या काडतुसात प्रायमर चपटा दिसेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. क्रोनोग्राफवर तक्त्यातील कमाल वेग कमी वजनातच दिसू लागला, तर ती खरी सूचना समजावी.

प्रत्यक्ष भरताना मेजावर एकाच पावडरीचा एकच डबा असावा; काम संपताच मापकातील उरलेली पावडर त्याच मूळ डब्यात परत जावी. वजनकाटा प्रमाणित वजनांनी तपासून घ्यावा, पहिली दहा मापे काट्यावर टाकून सरासरी काढावी, आणि पुंगळ्या ठोकळ्यात ओळीने मांडून गोळी बसवण्यापूर्वी विजेरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावावे. फोन त्या वेळी दुसऱ्या खोलीत असलेला बरा.

शेवटी नोंद. डब्यावरील चिठ्ठीत पावडरीचे नाव व लॉट क्रमांक, वजन, गोळी, प्रायमर, लांबी आणि तारीख लिहावी. यांपैकी प्रायमरचा ब्रँड जरी बदलला, तरी पुन्हा प्रारंभीच्या वजनापासून चढावे लागते. आणि चिठ्ठी हरवलेली काडतुसे झाडू नयेत, ती गोळी उपसण्याच्या हातोडीने उघडून पावडर टाकून द्यावी.