जन आरोग्य योजना: आधी आरोग्यमित्र गाठा, मग खिशात हात घाला

गेली अकरा वर्षं मी गावातल्या पेशंटांचे कागद घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या चढतोय. या काळात राजीव गांधी जीवनदायी योजनेची 2017 साली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. कुटुंबामागे वर्षाला 1.5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत व्हायचे, ती मर्यादा 5 लाख झाली. पिवळ्या-केशरीबरोबर पांढरं रेशनकार्डही चालायला लागलं. लोकांच्या चुका मात्र त्याच.

सगळ्यात महाग चूक म्हणजे 'आधी पैसे भरू, योजनेचं मागनं बघू'. ही योजना कॅशलेस आहे. एकदा भरलेलं बिल ती परत देत नाही.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतल्या एका ऊसतोड मजुराच्या छातीत कळ आली. मला फोन आला तिसऱ्या दिवशी. तोवर अँजिओप्लास्टी झालेली आणि पोरानं आईची बोरमाळ गहाण टाकून ऐंशी हजार भरलेले. केशरी कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत होतं. आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेसाठी दवाखान्यात बसणाऱ्या मदतनिसाचं, टेबल कॅश काउंटरपासून वीस पावलांवर होतं, मी मोजली. "काका, ते म्हणाले लवकर भरा, मी भरले." त्याला काय बोलणार? बाप आत होता. पण योजना तातडीच्या पेशंटलाही लागू आहे: फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर दिले तरी चालतात. घाईत हे कोणी आपणहून सांगत नाही, आपल्यालाच विचारावं लागतं.

म्हणून दवाखान्यात पाय ठेवला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: आरोग्यमित्र कुठं बसतात? निघण्याआधी 155388 वर फोन करून दवाखाना योजनेत आहे का, आणि आपल्या आजारासाठी आहे का, दोन्ही विचारतो. बाहेर बोर्ड लावलाय म्हणून तिथं सगळेच आजार योजनेत होतात असं नाही.

दुसरं दुखणं नावांचं. सून लग्न होऊन सहा वर्षं नांदतेय, नाव अजून माहेरच्या रेशनकार्डात. पोरगं शाळेत जायला लागलं तरी कार्डावर नाही. आधारवर एक आडनाव, कार्डावर दुसरं. हे ऑपरेशनच्या आदल्या रात्री उघडकीला येतं आणि मग तहसीलच्या पुरवठा शाखेत धावाधाव. मी दर पाडव्याला घरातले सगळे कागद काढून नावं अक्षर न् अक्षर जुळवतो. कंटाळवाणं काम आहे, पण याला आडवाट नाही.

आयुष्मान कार्डासाठी (केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं कार्ड, ती आता आपल्या योजनेला जोडलेली आहे) एजंटला पैसे देऊ नका, ते फुकट निघतं. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्न न बघता कार्ड मिळतं, तरी आजोबांचं काढायचं राहून जातं. साध्या ओपीडीला योजना लागू नाही, त्यावरून भांडू नका. भरती असताना औषधं-तपासण्या पॅकेजातच असतात. बाहेरून आणायची चिठ्ठी दिली तर ती घेऊन आधी आरोग्यमित्राकडे जा.

आणि आजार योजनेत बसला नाही तर लगेच सावकाराकडे धावू नका. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथं वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बरोबर न्या, झेरॉक्स नव्हे, मूळ प्रत.